जनरल डार्डिसची शपथ

१९ जानेवारी २०२१

काल सकाळी पोस्टमन पाकीट टाकून गेला तेव्हा मी पूजेला बसलो होतो. दाराच्या फटीतून ते पडल्याचा आवाज आला, पण उठलो नाही. पूजा आटोपून, हात पुसून पाकीट उघडलं, उभ्या उभ्या वाचलं आणि टॉवेलांच्या कपाटात सगळ्यात खालच्या घडीखाली सरकवलं. गरम पाण्याच्या टाकीच्या या कपाटाला इकडे आयर्लंडमध्ये हॉट प्रेस म्हणतात. मेधाला काही बोललो नाही. बूट घातले आणि शेजारच्या डेक्लनबरोबर नदीकाठी फिरायला गेलो.

माझं नागरिकत्व मंजूर झालं आहे. एरवी मोठ्या सभागृहात सोहळा होतो, बँड वाजतो, न्यायाधीश शपथ पुढे म्हणतात आणि शेकडो माणसं मागून म्हणतात. माझी बायको मेधा आणि मुलगी ज्ञानदा यांनी दोन वर्षांपूर्वी किलार्नीला तशीच शपथ घेतली. माझे कागद मागे राहिले, मग साथ आली, सोहळा रद्द झाला. खरं सांगायचं तर मला तेव्हा हायसं वाटलं होतं. आता कळवलं आहे की सोहळ्याची वाट पाहू नका. देशाशी निष्ठा राखण्याचं प्रतिज्ञापत्र एका अधिकृत माणसासमोर सही करून पाठवा.

गर्दीत नुसते ओठ हलवता आले असते. आता मी एकटाच.

आमचं घराणं कोयनाकाठच्या एका गावात महादेवाच्या गुरवाचं. बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून भांडण हातघाईवर आलं की माणसं देवळात यायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, ताटात बेल आणि भंडारा घेऊन उभे राहायचे. ज्याचं म्हणणं खरं, त्यानं बेलभंडार उचलायचा. मी सातवीत असेन, एका म्हाताऱ्यानं ताटापर्यंत हात नेला, मागे घेतला, आणि "बांध त्याचाच हाय" म्हणून निघून गेला. अण्णा मला नंतर म्हणाले, बांध बहुतेक या म्हाताऱ्याचाच होता, पण त्याची स्वतःची खात्री नव्हती.

माझीही खात्री नाही. लिहिता लिहिता होते का पाहावं.

२४ जानेवारी

डेक्लन पंच्याऐंशीचा आहे. शाळेत इतिहास शिकवायचा. बायको वारली, मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला. ऑफिस डब्लिनमध्ये बॉल्सब्रिजला होतं तोवर मी अंधारात बस पकडायचो आणि अंधारात परतायचो, त्यामुळे हा माणूस मला फक्त कचऱ्याच्या डब्याशी दिसायचा. आता वरच्या खोलीतूनच काम करतो. सकाळी मीटिंग सुरू व्हायच्या आधी आम्ही दोघं दोन हातांचं अंतर ठेवून चालतो.

मार्चमध्ये तो स्थानिक इतिहास मंडळापुढे झूमवर बोलणार आहे. विषय: आमच्या या नावन गावाजवळ जन्मलेला, अठराव्या शतकातला प्रशियाचा एक सेनापती. लॉरेन्स डार्डिस. पुढे तिकडे फॉन डार्डिस.

"युअर मॅन सतरा वर्षांचा होता," डेक्लन म्हणाला. इथे "युअर मॅन" म्हणजे "तो गडी". "कॅथलिक. म्हणजे इथल्या इंग्रजी सैन्यात अधिकारी होणं बंद. लिहिता-वाचता येतं, घोड्यावर बसता येतं, आणि करायला काही नाही. गेला फ्रान्सला, मग सॅक्सनीला, मग प्रशियाच्या राजाकडे. बोटं गमावली, पण तलवार नाही."

"किती बोटं?"

"दोन. तू इंजिनियर आहेस हे विसरलोच."

मी गेल्या पंधरा वर्षांत या नदीकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. नदीचं पाणी गढूळ, संथ. डार्डिस याच काठानं गेला असेल.

३१ जानेवारी

मेधाला टॉवेल बदलताना पाकीट सापडलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किती दिवस झाले?"

"दहा-बारा."

"गिरीश, ज्याची तीन वर्षं वाट पाहिली ते पत्र तू टॉवेलाखाली ठेवतोस?"

मी म्हणालो, मला विचार करायला वेळ हवा. शपथ म्हणजे सही नव्हे. मी गावाहून निघताना देवळात बेलभंडार उचलून म्हणालो होतो की परत येईन, माघातली पूजा घेईन. देवळाची पूजा आम्हा भाऊबंदांत महिन्या-महिन्यांनी वाटलेली आहे. माघ आमच्याकडे. त्यात महाशिवरात्र येते, म्हणून तो महिना मानाचा. आधीचं वचन डोक्यावर असताना दुसरं कसं देऊ?

ती टॉवेलांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "माझी आई आजारी होती तेव्हा मी तुला म्हटलं होतं, परत जाऊया. तू म्हणालास, या वर्षी नको."

"तेव्हा ज्ञानदाची शाळा नुकती सुरू झाली होती."

"हो. आठवतंय मला."

इतक्या वर्षांपूर्वीचं तिला एवढं लक्षात आहे याचं नवल वाटलं. त्याचा या गोष्टीशी काय संबंध, ते मात्र कळलं नाही. वरून ज्ञानदानं ओरडून विचारलं, "आर यू टू फायटिंग?" मेधा म्हणाली, "नाही गं." ज्ञानदा म्हणाली, "ग्रँड," म्हणजे ठीक, "कॉज आय हॅव अ क्लास."

७ फेब्रुवारी

डार्डिसची जी गोष्ट डेक्लनला सगळ्यात आवडते ती आज त्यानं सांगितली.

प्रशियाच्या सैन्यात शिरताना राजाच्या निशाणाला हात लावून शपथ घ्यायची असे. डार्डिस म्हणाला, थांबा. घर सोडताना मी आईला शब्द दिला आहे की तुझ्या दफनाला तरी परत येईन. तिनं सोडवल्याशिवाय दुसरा शब्द देणार नाही. त्यानं आईला पत्र पाठवलं. उत्तर येईपर्यंत शपथ नाही, म्हणून हुद्दाही नाही. साधा शिपाई म्हणून राहिला. त्याच्यानंतर आलेले लोक वर चढले. अखेर आईचं उत्तर आलं: "पोरा, जिथे उभा आहेस तिथे नीट उभा राहा." दुसऱ्या दिवशी त्यानं शपथ घेतली.

"आईचं पत्र कुठे आहे?" मी विचारलं.

"पत्र नाही. त्यानं म्हातारपणी मित्रांना सांगितलेलं आहे, त्यांनी लिहून ठेवलंय. पण काय बाई असेल! काय काळीज!" डेक्लनला बोलता बोलता थांबावं लागलं. थंडीत त्याच्या डोळ्यांना पाणी येतं.

मला मात्र वाट दिसली. आधी अण्णांकडून सुटका मागायची. एवढं सरळ होतं, आणि मला ते एका प्रशियन सेनापतीनं सांगावं लागलं.

१४ फेब्रुवारी

माघ सुरू झाला. अण्णांना विचारायचं म्हणून देवळातल्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. फोन हरीशनं घेतला, माझ्या चुलत्याचा मुलगा. तो गाभाऱ्यात होता. मागे पाण्याचा आवाज येत होता, पिंडीवर ताजा बेल दिसला.

"अण्णा घरी हायती, दादा. गुडघं धरल्यात."

त्यांच्या गुडघ्यामुळे बिचाऱ्या हरीशला आमच्या महिन्याची पूजा करावी लागते. मी त्याचे आभार मानले. तो जरा गोंधळल्यासारखा झाला. म्हणाला, "आभार कशाचं, दादा?" चांगला मुलगा आहे.

घरी अण्णांना फोन केला नाही. गुडघे दुखत असताना हा विषय नको.

२३ फेब्रुवारी

डेक्लनला लस मिळाली. त्याच्या डॉक्टरकडे मीच सोडून आलो, गाडीच्या काचा उघड्या ठेवून. परत आला तो स्वतःवरच खूश.

"बाईनं विचारलं, काही झालं तर कुणाला कळवायचं? मी तुझा नंबर दिला. चालेल ना?"

"तुमच्या मुलाचा नाही?"

"तो येऊन पोचेपर्यंत मी थंड झालेला असेन." हसला. मग म्हणाला, "परवा तिकडचा नागरिक झाला तो. फोटो पाठवला. हातात छोटं झाडाचं रोप आणि झेंडा. मी म्हटलं, न होशील तर मूर्ख."

घरी आल्यावर मेधाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझी नेमणूक झाली." मी हसलो नाही. एक माणूस पडला तर आधी मला कळणार. हे मी मागितलं नव्हतं, आणि नको असंही म्हणालो नाही.

३ मार्च

डार्डिस सायलेशियातल्या एका लहान किल्ल्याचा किल्लेदार झाला. मोठं युद्ध चालू होतं. ऑस्ट्रियाच्या फौजेनं वेढा घातला, आणि त्या फौजेत आयरिश अधिकारी पुष्कळ. त्यांतला एक आमच्या मीथ परगण्यातलाच, डार्डिसच्या शेजारच्या गावचा. तो पांढरं निशाण घेऊन तटाखाली आला आणि आयरिशमध्ये ओरडला, लॅरी, तू आपला माणूस. दार उघड, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही.

डार्डिसनं त्याच भाषेत उत्तर दिलं. तुझ्या आईची तब्येत कशी, तुमचा काळा घोडा अजून आहे का, सगळं विचारलं. खाली उभ्या माणसानंही सगळं सांगितलं. तटावरचे प्रशियन शिपाई बंदुका रोखून ऐकत होते, त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. मग डार्डिस म्हणाला, "आता तू जा, मला तोफ डागायची आहे."

किल्ला पडला नाही. वेढा उठला तेव्हा आत घोडेसुद्धा खाऊन संपले होते. राजानं त्याला मेजर जनरल केलं आणि वर खरमरीत पत्र लिहिलं, शत्रूशी गप्पा मारत जाऊ नये.

डेक्लनला मी विचारलं, "त्याला रडू आलं असेल का?"

"तोफ डागल्यावर, कदाचित. आधी नाही."

१२ मार्च

काल महाशिवरात्र. उपास केला. इथे बेल मिळत नाही. डब्लिनहून एका बाईंनी वाळलेली पानं पाठवली होती, ती वाहिली. ज्ञानदा शेजारी बसली. म्हणाली, "इट स्मेल्स लाइक आजीज हाउस." तिला ते आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

यात्रा साथीमुळे बंद. हरीशनं फोनवर देऊळ दाखवलं. अभिषेक त्यानंच केला. भाऊबंद त्याच्या पाया पडत होते. मी म्हटलं, "आमच्यासाठी फार करतोस रे." त्यानं फोन अण्णांकडे दिला. अण्णा देवळाच्या पायरीवर बसले होते, नवीन धोतर नेसून. माझ्याकडे बघून हात वर केला, आणि गर्दीत कुणाशी तरी बोलायला लागले.

पुन्हा विचारायचं राहिलं. मेधा म्हणाली, "तू विचारणार नाहीस." मी म्हटलं, विचारीन.

१६ मार्च

आज वाईट झालं, आणि मीच हातभार लावला.

नदीपलीकडे पडक्या देवळाभोवती जुनं दफनस्थान आहे. तिथे डार्डिस घराण्याचे दगड असल्याचं डेक्लनला माहीत होतं, पण अक्षरं वाचता येत नव्हती. मी म्हटलं, आपण प्रयत्न करू. मऊ ब्रशनं शेवाळ काढलं, पाणी ओतलं, आणि मी मोबाइलचा प्रकाश दगडाला घासून तिरपा धरला. अक्षरं एकदम वर आली. डेक्लन गुडघ्यावर बसून बोटानं वाचत होता.

मार्गारेट डार्डिस. लॉरेन्सची आई. मृत्यू १७३८.

डार्डिस प्रशियाला पोचला १७४१ मध्ये.

मला आधी कळलं नाही. डेक्लनला कळलं. तो तसाच बसून राहिला, विजारीचे गुडघे ओले झाले तरी. डार्डिसनं पत्र पाठवलं तेव्हा वाचायला आई नव्हतीच. उत्तर आलंच नसणार.

"त्यानं ते बनवलं," डेक्लन म्हणाला. "तिनं त्याला सोडलं नाही. कुणीच सोडलं नाही."

"कदाचित भावानं लिहिलं असेल, आईच्या नावानं."

"गिरीश, तू चांगला माणूस आहेस. गप्प बस."

मी हात देऊन उठवलं. येताना त्याचा मुलगा, मुलाची बायको, तिकडची गरमी, असं काही तरी बोलत राहिला. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच्या बाईचं त्याला इतकं का लागावं? व्याख्यान बिघडलं म्हणून असेल.

२१ मार्च

आज अण्णांना विचारलं. दिवसा, स्वच्छ उजेडात, मेधा समोर बसलेली असताना.

"अण्णा, मी इथल्या देशाची शपथ घेऊ का?"

"आन् त्ये मला कशापायी इचारतोस?"

"मी बेलभंडार उचलला होता. माघाच्या पूजेला परत येईन म्हणून."

अण्णांनी आधी कोंबड्यांना हाकललं.

"गिरीशा, माघाची पूजा म्या हरीशला दिली. लई दिस झालं. तुझी आई हुती तवाच. भाऊबंदांम्होरं दिली."

मी मेधाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. तिला माहीत असावं.

"मला का नाही सांगितलं?"

"तुझी आई म्हनली, सांगू नगा. तेवढा एक धागा ऱ्हाऊ द्या पोराला."

"मग माझ्या बेलभंडाराचं काय?"

"ताट म्या धरलं हुतं का?" अण्णांचा आवाज चढला. "तू तुझ्या मनानं गाभाऱ्यात घुसलास आन् उचललास. म्या दारात उभा हुतो. तुझं हात कापत हुतं. भ्यालेल्या मानसाम्होरं म्या ताट कधी धरत न्हाय. गावात कुनालाबी इचार."

"म्हणजे मी सुटलो?"

"त्ये म्या कोन सांगनार? बांधलंस तू, म्या न्हाय." मग खोकले, आणि नेहमीच्या आवाजात, "जेवलास का? तकडं किती वाजलं?"

फोन ठेवल्यावर मेधा म्हणाली, "चहा करू?" मी हो म्हणालो. मला मोकळं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. पंधरा वर्षं मी दार धरून उभा होतो, आणि आतली माणसं केव्हाच दुसऱ्या दारानं ये-जा करत होती.

२२ मार्च

मेधाला विचारलं, तुला माहीत होतं?

"आईंनी सांगितलं होतं. गेल्या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात."

"आणि तू बोलली नाहीस."

"तू म्हणायचास ना, परत जायचं आहे. मला वाटायचं, तुला कुठे तरी जायचं आहे एवढं तरी तुझ्याकडे असू दे. मला ते नव्हतं."

ती कामाच्या मीटिंगला वर गेली. मी भांडी घासली. सगळी, स्वच्छ असलेलीसुद्धा.

२६ मार्च

काल डेक्लनचं व्याख्यान झालं. मला वाटलं होतं तो आईचं उत्तर तसंच ठेवेल. कुणाला कळणार होतं? पण त्यानं दगडाचा फोटोच दाखवला.

पुढचं आयुष्य सांगितलं. युद्धानंतर डार्डिस रंगरूट शिकवत राहिला, दोन बोटं नसलेला हात वर करून. निवृत्त झाल्यावर किल्ल्याखाली बाग केली, शेजाऱ्यांना बटाटे लावायला शिकवलं. लोक आधी हसले, मग लावू लागले. आयर्लंडला परत आला नाही. मेला तेव्हा त्याच्या शिपायांनी खांदा दिला.

शेवटी एका बाईंनी विचारलं, "मग तो खोटं बोलला ना?"

डेक्लन म्हणाला, "दोन वर्षं वाट पाहिली, हे खरं आहे. सैन्याच्या नोंदींत आहे. उत्तर आलं नाही. तेव्हा त्याला ठरवावं लागलं आणि त्यानं ठरवलं. आईचं वाक्य त्यानं नंतर घातलं, एकट्यानं ठरवलं हे सांगायला माणसाला लाज वाटते म्हणून." पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही. त्याच्याकडून आवाज बंद झाला होता, तो मात्र तावातावानं बोलत राहिला. सगळे हात हलवून सांगत होते.

आज सकाळी कुंपणाशी भेटला. पर्थचा मुलगा पहाटे उठून शेवटपर्यंत ऐकत होता म्हणे. हे त्यानं मला तीनदा सांगितलं. मुलगा दर रविवारी फोन करतोच, मग एवढा आनंद कसला?

मी त्याला विचारलं की सहीसाठी अधिकृत माणूस कुठे मिळेल.

"हार्डवेअरच्या दुकानात. कोलम. तो पीस कमिशनर आहे. खिळे विकतो आणि प्रतिज्ञापत्रांवर सही करतो."

२९ मार्च

प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचलं. प्रत्येक वाक्यापाशी थांबून स्वतःला विचारलं, हे खरं आहे का? कायदे पाळीन: पाळतोच. इथल्या मूल्यांचा आदर करीन: करतो. या राष्ट्राशी निष्ठा राखीन. इथे अडलो. मग अण्णांसारखं ताट समोर धरून पाहिलं, मनातल्या मनात. हात कापतात का ते बघत होतो.

देवाला सांगितलं, उद्या जाणार आहे. परवानगी मागितली नाही.

३० मार्च

मेधा म्हणाली, मी येते. दुकानात एका वेळी थोडेच लोक सोडतात, म्हणून ती बाहेर काचेशी थांबली.

कोलम माझ्याच वयाचा, रंगाचे डाग पडलेलं स्वेटर, तोंडाला मास्क. रेडिओ लागलेला. त्यानं रंगाचे डबे बाजूला करून काउंटरवर जागा केली आणि पासपोर्ट पाहिला.

"ग्रँड. इथे सही कर."

"मला ते मोठ्यानं म्हणायचं आहे."

"म्हणायची गरज नाही. सही पुरते."

"माहीत आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, वाकून रेडिओ बंद केला आणि सरळ उभा राहिला. माझ्या मागे एक माणूस हातात पाण्याचा नळ घेऊन उभा होता. त्यानं टोपी काढली.

मी वाचलं. सावकाश, माझ्या गावच्या इंग्रजीत. निष्ठेच्या वाक्याशी आलो तेव्हा कळलं की मी कागदाकडे बघत नाही, कोलमकडेही नाही. मी काचेकडे बघतोय. मेधानं काचेवर तळहात टेकला होता. ते वाक्य मी तिच्याकडे बघून पूर्ण केलं.

कोलमनं सही केली. मागचा माणूस म्हणाला, "फेअर प्ले टू यू," म्हणजे शाब्बास, आणि मग, "कोलम, याचा वायसर गळतोय."

बाहेर आलो. मी म्हटलं, "तुझी आई आजारी असताना तू परत जाऊया म्हणालीस, तेव्हा मी तुला नीट उत्तर दिलं नव्हतं."

"नाही दिलं," ती म्हणाली.

आम्ही चालत पोस्टाशी गेलो. पाकिटावर मी आधीच तिकीट लावलं होतं. ते हिरव्या पेटीत टाकलं.